तपासणीचें गणित

कोणतीही वस्तु लोकांच्या हातीं देण्यापूर्वीं ती तपासावी लागते. संगणकाच्या सॉफ्टवेअरचीही अशीच तपासणी होते. परंतु ती किती वेळां केली म्हणजे पुरे? या प्रश्नाचा विचार करतांना आपल्या शेजारच्या नागपुरांत शिकलेल्या एका थोर गणितज्ञाच्या कार्याशीं आपण येऊन पोहोंचतों. त्यांचें नांव डॉ. शरदचंद्र शंकर श्रीखंडे.

शाळेची फी भरण्यासाठीं मोबाइलवर एक ॲप तयार केलें आहे, अशी कल्पना करा. भाषा तीन, फोन तीन बनावटींचे, पैसे भरण्याचे मार्ग तीन आणि नेटवर्कें तीन. सर्व जुळण्या तपासावयाच्या तर ३ × ३ × ३ × ३ म्हणजे ८१ चांचण्या होतात. पुष्कळदां दोष असा असतो कीं, हिंदी भाषा एरवीं नीट चालते, कार्डाचा मार्गही नीट चालतो. पण दोन्ही एकत्र आलीं कीं पालकांचे पैसे कापले जातात व पावती मात्र मिळत नाहीं. म्हणून अशी प्रत्येक जोडी एकदां तरी तपासली गेली पाहिजे. त्यास ९ चांचण्या पुरतात. हा चौकोन पाहा :

क१   ख२   ग३
ख३   ग१   क२
ग२   क३   ख१

आडवी ओळ म्हणजे भाषा, उभी ओळ म्हणजे फोन, अक्षर म्हणजे पैसे भरण्याचा मार्ग व अंक म्हणजे नेटवर्क. प्रत्येक घर ही एक चांचणी. कोणत्याही दोन बाबी घ्या. त्यांच्या नऊही जोड्या येथें एकेकदां सांपडतील. पेन्सिल घेऊन स्वतः पडताळून पाहा.

असे चौकोन शेतकीच्या प्रयोगांतही उपयोगी पडतात. कपाशीच्या तीन वाणांची तुलना करावयाची असेल, पण शेताची जमीन सर्वत्र सारखी नसेल, तर वाण अशा रचनेनें पेरल्यास चांगल्या जमिनीचा लाभ एकाच वाणास मिळत नाहीं. सर रोनाल्ड फिशर यांनीं इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें या पद्धतीचा पाया घातला.

या चौकोनांचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. सहा पलटणींतील सहा दर्जांचे ३६ अधिकारी अशाच रीतीनें चौकोनांत उभे करतां येतील काय, असा प्रश्न लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञानें १७८२ सालीं मांडला. त्यास अशी रचना सांपडली नाहीं. त्यावरून ६, १०, १४, १८ अशा, चारानें भागल्यास दोन बाकी उरणाऱ्या, कोणत्याही संख्येचा असा चौकोन होणार नाहीं, असें अनुमान त्यानें केलें. १९०० च्या सुमारास गास्तों तारी यानें एकूणएक शक्यता तपासून ६ चा चौकोन होत नाहीं हें सिद्ध केलें. तेव्हां ऑयलरच्या अनुमानास बळकटी आली.

श्रीखंडे यांचा जन्म १९१७ सालीं सागर येथें झाला. नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयांत शिकून ते पुढें अमेरिकेस गेले व १९५० सालीं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत प्रा. राजचंद्र बोस यांच्या हाताखालीं डॉक्टर झाले. १९५९ सालीं या गुरुशिष्यांनीं २२ चा चौकोन प्रत्यक्ष रचून दाखविला. त्याच वर्षीं ई. टी. पार्कर यांनीं १० चा रचला. मग तिघांनीं मिळून सिद्ध केलें कीं, ६ नंतरच्या अशा प्रत्येक संख्येचा चौकोन होतो. १७७ वर्षें टिकलेलें अनुमान कोसळलें आणि ती वार्ता 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली. डॉ. श्रीखंडे पुढें मुंबई विद्यापीठांत गणित विभागाचे प्रमुख झाले. २०२० सालीं, वयाच्या १०३ व्या वर्षीं, ते निवर्तले.

आतां आपल्या ॲपकडे परत वळूं. चार बाबी व प्रत्येकीचे दहा पर्याय असतील तर १०,००० जुळण्या होतात. परंतु १० चा चौकोन असल्यामुळें सर्व जोड्या तपासण्यास १०० चांचण्या पुरतात. पर्याय सहा-सहा असतील तर मात्र ३६ पुरत नाहींत, ३७ लागतात. कारण ६ चा चौकोन नाहीं! ज्यांस कोणी केवळ कोडीं म्हटलें असतें, त्यांचा उपयोग असा झाला.

तथापि एक मर्यादा ध्यानांत ठेविली पाहिजे. तीन गोष्टी एकत्र आल्या तरच प्रकट होणारा दोष या जोड्यांच्या तपासणींतून निसटूं शकतो. दोष आढळला नाहीं, म्हणजे तो नाहींच, असें नव्हे. ऑयलरसारख्या महापुरुषासही चौकोन सांपडला नाहीं, म्हणून तो नव्हता असें थोडेंच झालें? न सांपडणें व नसणें यांतील हें अंतर जो ओळखतो, तोच खरी तपासणी करूं शकतो. मग ती यंत्राची असो, उदाहरणाच्या उत्तराची असो, कीं आपल्या स्वतःच्या मताची असो.