प्रवेश-निबंध : गुणपत्रिकेत न मावणारी ओळख

भिलाई : छत्तीसगडमधील या पोलादनगरीत बारावीचे वर्ष म्हणजे जेईई आणि नीट, हे समीकरण वर्षानुवर्षे रूढ आहे. दिलेल्या पर्यायांतून अचूक उत्तर निवडण्याचा सराव येथील अनेक विद्यार्थी शाळकरी वयापासून करतात. २०१६ साली सुरू झालेल्या भिलाईच्या आयआयटीतही बी.टेक.चा प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणानुक्रमानेच मिळतो. मात्र परदेशी विद्यापीठाचा किंवा देशातील काही खासगी विद्यापीठांचा अर्ज भरताना याच विद्यार्थ्यांसमोर एक असा प्रश्न येतो, ज्याला पर्याय दिलेले नसतात : तुम्ही कोण आहात, आणि तुम्हाला हेच का शिकायचे आहे? गणितात शंभरपैकी शंभर गुण मिळवणारा विद्यार्थीही येथे अडखळतो. हा निबंध नेमका काय असतो आणि त्याची तयारी कशी करावी, हे त्यामुळे समजून घेणे आवश्यक आहे.

निबंधाचे स्वरूप

अमेरिकेतील शेकडो महाविद्यालये 'कॉमन अ‍ॅप' या सामाईक अर्जाद्वारे प्रवेश देतात. त्यात सात विषयांपैकी एका विषयावर २५० ते ६५० शब्दांचा निबंध लिहिता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्नांपैकी चार प्रश्नांची, प्रत्येकी कमाल ३५० शब्दांची उत्तरे मागते. ब्रिटनच्या 'यूकास' या प्रवेशसंस्थेने २०२६ च्या प्रवेशांपासून एकसलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. हाच अभ्यासक्रम का निवडला, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर त्यासाठी काय केले, असे ते प्रश्न आहेत. तिन्ही उत्तरे मिळून चार हजार अक्षरांची मर्यादा आहे.

या आकड्यांवरूनच एक गोष्ट स्पष्ट होते. अमेरिकी अर्ज विद्यार्थ्याचे व्यक्तिमत्त्व जाणून घेऊ पाहतो, तर ब्रिटिश अर्ज विषयाची तयारी तपासतो. त्यामुळे एकच निबंध दोन्हीकडे पाठवणे उपयोगाचे ठरत नाही.

आनंदीबाईंचे पत्र

मराठी वाचकांना अशा लेखनाचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेतून पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपण प्रवेशाच्या सर्व अटी पूर्ण करू शकत नाही, याची प्रांजळ कबुली त्यांनी त्यात दिली. आपले शिक्षण किती झाले आणि कोणत्या भाषा येतात, हे नेमकेपणाने सांगितले. स्वकीयांचा विरोध पत्करून आपण येथवर आलो आहोत आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळवून देणे हा आपला हेतू आहे, हेही मांडले. त्यांना प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. उणीव मान्य करणे, तपशील देणे आणि हेतू स्पष्ट सांगणे या तीन गोष्टी आजही चांगल्या प्रवेश-निबंधाचा पाया आहेत.

विशेषणांपेक्षा प्रसंग

'मी मेहनती आहे', 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' अशी वाक्ये हजारो अर्जांत सापडतात. ती खरी असली तरी त्यांतून लिहिणारा दिसत नाही. समजा, भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधील विद्यार्थिनीचे वडील कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी झोपतात. घरात आवाज होऊ नये म्हणून ती धाकट्या भावाला गणित कागदावर लिहून, न बोलता शिकवते. असे शिकवताना प्रत्येक पायरी इतकी स्वच्छ मांडावी लागते, की तिला स्वतःच्याच समजुतीतील चूक सापडते. एवढाच प्रसंग निबंधाला पुरेसा आहे. त्यातून मेहनत, जबाबदारी आणि विचार करण्याची पद्धत आपोआप कळते. विशेषणांची गरज उरत नाही.

देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कामगार कुटुंबांनी हे शहर घडवले. घरात एक, शाळेत दुसरी आणि शेजारी तिसरी भाषा ऐकत वाढलेल्या मुलांकडे सांगण्यासारखे बरेच असते. अडचण इतकीच, की ते सांगण्याजोगे आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पहिला मसुदा मराठीत किंवा हिंदीत लिहिल्यास विचार मोकळेपणाने मांडता येतात. मात्र त्याचे शब्दशः भाषांतर न करता निबंध इंग्रजीत नव्याने लिहावा. तो मोठ्याने वाचून पाहावा आणि जे वाक्य आपण प्रत्यक्षात कधीच बोलणार नाही, ते काढून टाकावे.

मदत कुठपर्यंत?

निबंध लिहून देणारे सल्लागार, तयार नमुने आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता असे अनेक सोपे मार्ग उपलब्ध आहेत. त्यांतील धोका जुनाच आहे. २००७ साली 'यूकास'ने सुमारे ५० हजार अर्ज तपासले, तेव्हा त्यांतील २३४ जणांनी वयाच्या आठव्या वर्षी रसायनांचा प्रयोग करताना पायजमा जाळल्याचा एकच किस्सा सांगितल्याचे आढळले. 'कॉमन अ‍ॅप'च्या नियमांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून सादर करणे ही फसवणूक मानली जाते.

पालक आणि शिक्षक यांनी प्रश्न विचारावेत, उत्तरे देऊ नयेत. 'तेव्हा तुला काय वाटले?', 'त्यानंतर तू काय बदललेस?' असे दोन साधे प्रश्नही निबंधाला दिशा देतात. शुद्धलेखनाच्या चुका दाखवणे योग्य आहे. वाक्ये बदलून लिहून देणे नाही. वयाला न शोभणारी सफाईदार भाषा अनुभवी वाचकाच्या सहज लक्षात येते.

बहुपर्यायी परीक्षेत हजारो विद्यार्थ्यांचे अचूक उत्तर एकच असते. निबंधात मात्र प्रत्येकाचे उत्तर वेगळे असणे हीच अपेक्षा असते. अर्जाच्या अखेरच्या आठवड्यात ते सापडत नाही. त्यामुळे अकरावीपासूनच एका वहीत आठवड्याला एक प्रसंग लिहून ठेवण्याची सवय लावल्यास अर्जाच्या वेळी विषय शोधत बसावे लागणार नाही.