डॅशकॅम घेताय? आधी कार्ड बघा!

उद्योजक मित्रांनो, समजा पुढची कार रिव्हर्स येऊन तुमच्या डिलिव्हरीच्या टेम्पोवर आदळली. वर तोच म्हणतोय, ‘तुम्हीच मागून ठोकलंत!’ आता तुमच्याकडे पुरावा काय?

म्हणून डॅशकॅम हवा. पण फक्त मेगापिक्सेल बघून घेऊ नका. दिवसा 1080पी पुरतं. खरी परीक्षा रात्रीची. समोरच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, ते रात्रीचं फुटेज बघूनच ठरवा. गाडी उन्हात उभी राहते ना? मग बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला कॅमेरा घ्या. उष्णतेने बॅटरी फुगते.

आधीच कॅमेरा आहे? मग लगेच नवा घेऊ नका. या क्रमाने सुधारणा करा:

1. हाय एन्ड्युरन्स मेमरी कार्ड. सतत रेकॉर्डिंगने साधं कार्ड लवकर खराब होतं आणि नेमकं त्या दिवशीच फुटेज मिळत नाही.
2. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग हवं असेल तर हार्डवायर किट. व्होल्टेज कट-ऑफ असलेलंच घ्या, नाहीतर सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही.
3. मागचा कॅमेरा.

अपघात झाला की क्लिप लगेच लॉक करा, नाहीतर लूपमध्ये ती पुसली जाईल. मूळ कार्डही जपून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार कोर्टात फुटेजच्या कॉपीसोबत प्रमाणपत्र लागतं. नुसती व्हॉट्सॲप क्लिप दाखवून भागत नाही.

आज एकच काम करा. कार्ड काढा आणि कालचं रेकॉर्डिंग खरंच झालंय का, ते बघा!