आतड्याचा बांध फुटतो तेव्हा

१९८०च्या दशकात युगांडातले गावकरी एका नव्या आजाराला ‘स्लिम’ म्हणत. जुलाब थांबत नसत, माणूस झडत जाई. तो एड्स होता.

एड्सचा विषाणू एचआयव्ही आतड्यावरच का तुटून पडतो? शरीरातल्या लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा साठा रक्तात नव्हे, तर आतड्याच्या अस्तरात असतो. त्यांतल्या सीडी४ प्रकारच्या बहुतेक पेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारी सीसीआर५ ही कडी असते. त्यामुळे लागणीनंतर काही आठवड्यांतच ही फौज कापली जाते. रक्तातल्या सीडी४ पेशींचा आकडा तेव्हा इतका घसरलेलाही नसतो.

टीएच१७ या सीडी४ पेशीही त्यातच जातात. अस्तराच्या बांधाची डागडुजी त्यांच्याकडे असते. बांध खचला की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि दाह वर्षानुवर्षं धुमसतो.

औषधांनी रक्तातल्या पेशी सावरतात, आतड्यातल्या मात्र सावकाश आणि अनेकदा अपुऱ्या. म्हणून लागण कळताच उपचार सुरू करा. सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांत ते मोफत मिळतात.