पाच तारखेच्या आत

एप्रिलची तीन तारीख. पोस्टात बचत खिडकीपुढे रांग, आणि रांगेत बहुतेक पुरुष. पण हातातल्या पासबुकांवर डोकावलं तर बरीच नावं बायकांची. माझ्या हातातलंही हिचंच.

मार्चअखेरीस येतात ते पावतीसाठी, ऑफिसात पुरावा द्यायचा असतो. एप्रिलवाले व्याजाचे हिशेबी. पीपीएफमध्ये पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात. ७.१ टक्क्यांनी दीड लाखाचं महिन्याचं व्याज ८८७ रुपये ५० पैसे. सहा तारखेला भरलं की तेवढ्यावर पाणी.

पुढचे काका खुशीत होते. "माझे दीड, मिसेसचे दीड. तीन लाखांची वजावट!"

खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारता मारताच सांगितलं, "काका, खात्यांची मर्यादा वेगवेगळी. वजावट तुम्हाला एकूण दीडच लाखाची."

काकांचा चेहरा पडला. पण बाईंचं बरोबर होतं. बायकोच्या खात्यात भरलेली रक्कम नवऱ्याच्या वजावटीत धरता येते, तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ४६,८०० रुपये वाचतात. मात्र दीड लाखात विमा, स्वतःचा पीएफ असं सगळंच आलं. आणि हे जुन्या करप्रणालीत. नवीत ही वजावटच नाही.

मग वरचे दीड लाख कशाला? बायकोला दिलेल्या पैशांची एफडी केली, तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात; बायकोच्या नावाआड लपता येत नाही. पीपीएफचं व्याज मुळातच करमुक्त, त्यामुळे मिळवूनही कर शून्य. हे मी काकांना सांगितलं, तेव्हा ते जरा सावरले. "एनपीएसचे पन्नास हजार तरी तिच्या नावाने?" नाही. ती जादा वजावट बायकोच्या खात्यावर मिळत नाही.

माझी पाळी आली. स्लिपवर 'भरणाऱ्याची सही' इथे मी सही ठोकली. खातेदार कुठे आहेत, असं कुणी विचारलं नाही. प्रिंटर करकरला, पासबुक परत.

घरी पासबुक हिच्या हाती दिलं. "किती झाले रे?" हे तिने पहिल्यांदाच विचारलं. आकडा सांगितला. खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून १५ वर्षांनी मुदत पुरी होईल. पैसे काढायच्या अर्जावर माझी सही चालत नाही, तिचीच लागते.