रुंद शटरला 'साइड मोटर' बसविताना आधी भिंत पाहा

रत्नागिरी - दोन मोटारी शेजारी-शेजारी उभ्या राहतील एवढे गॅरेज बांधले, की प्रश्न येतो तो शटरचा. १६ फूट रुंद आणि ८ फूट उंच शटर १८ गेज पत्र्याचे केले, तर नुसत्या सपाट पत्र्याचेच वजन ११० किलोच्या पुढे जाते. पट्ट्यांचा बाक, एकमेकींत अडकणाऱ्या कडा आणि तळपट्टी धरली, की ते सहज दीडशे किलोवर पोचते. एवढे शटर रोज हाताने उचलणे घरातील ज्येष्ठांना शक्य नसते. साहजिकच मोटरचा विचार सुरू होतो.

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात. मधली मोटर शटरच्या पाइपवरच बसते. मात्र वजन तोलण्यासाठी तिला स्प्रिंगांची साथ लागते. साइड मोटर पाइपच्या एका टोकाला ब्रॅकेटवर बसते आणि साखळी-चक्राच्या साह्याने पाइप फिरवून सारा भार स्वतः उचलते. परदेशी चित्रफितींमध्ये दिसणारे, भिंतीवर बसणारे 'ओपनर' ही निराळी वस्तू आहे. तुकड्यातुकड्यांनी छताकडे सरकणाऱ्या, स्प्रिंगने तोललेल्या दारांसाठी ते असतात. आपल्याकडील गुंडाळल्या जाणाऱ्या शटरसाठी ते मागवू नयेत.

किनारपट्टीवर साइड मोटरचे पारडे जड ठरते, ते मुख्यतः खाऱ्या हवेमुळे. मिऱ्या, मांडवी परिसरात स्प्रिंगांना गंज लवकर धरतो. वीज गेल्यावर मधल्या मोटरची दोरी ओढून तिची पकड सोडवावी लागते आणि शटर हाताने उचलावे लागते. स्प्रिंग मेलेली असेल, तर तो दीडशे किलोचा भार अंगावर येतो. साइड मोटरला बहुधा हातसाखळी असते. तिने वेळ लागतो, पण एकट्या माणसालाही शटर वर नेता येते. जून २०२० मधील 'निसर्ग' चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड तालुक्यांत वीज किती दिवस नव्हती, हे जिल्हा विसरलेला नाही. अपरात्री रुग्णाला रुग्णालयात न्यायचे असेल आणि मोटार बंद शटरआड असेल, तर या साखळीचे मोल कळते.

खरी अडचण भिंतीची आहे. येथील बहुतेक जुनी घरे जांभ्या चिऱ्याची आहेत. चिरा सच्छिद्र; त्यात ठोकलेला फास्टनर वरवर घट्ट वाटला, तरी मोटरच्या रोजच्या हादऱ्यांनी तो सैल होत जातो. ब्रॅकेट शक्यतो काँक्रीटच्या खांबावर घ्यावा. खांब नसेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी प्लेट द्यावी, किंवा जमिनीपासून लोखंडी चॅनल उभा करून भार त्यावर सोडावा. हा खर्च दरपत्रकात सहसा नसतो. तो आधीच विचारून घेतलेला बरा.

दुसरी बाब सुरक्षिततेची. सगळा भार एकाच साखळीवर असल्याने ती तुटली, की शटर थेट खाली येते. म्हणून पाइपच्या दुसऱ्या टोकाला पडझड रोखणारा ब्रेक बसवून घ्यावा. घरात लहान मुले असतील, तर अडथळा आल्यास शटर थांबविणारा सेन्सरही हवाच. रिमोटच्या रंगरूपावर आणि पल्ल्यावर घासाघीस करणारे ग्राहक नेमक्या या दोन वस्तू वगळतात, हे नवलच!

क्षमता हिशेबापेक्षा एक पायरी वरची घ्यावी. दीडशे-पावणेदोनशे किलोच्या शटरला ३०० किलोची मोटर पुरते. घरी एक फेजचीच वीज असेल, तर मागणी नोंदवितानाच तसे सांगावे. साखळीला पावसाळ्याआधी ग्रीस द्यावे आणि मोटरवर झाकण असावे.

आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. हातसाखळी गॅरेजच्या आत लोंबत असते. गॅरेजला दुसरे दार नसेल, तर वीज गेल्यावर बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिचा काहीच उपयोग नाही. अशा ठिकाणी बाजूने छोटे दार काढावे अथवा मोटरच्या क्षमतेला पुरेल असा बॅटरी-बॅकअप घ्यावा. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा आणि घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडून साखळीने शटर एकदा पूर्ण वर-खाली करवून पाहावे.