निळ्या जर्सीची शर्यत

मे 1948 मध्ये सायकलपटूंचा एक घोळका वॉर्साहून प्रागकडे निघाला आणि दुसरा प्रागहून वॉर्साकडे. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मुखपत्रांनी भरवलेली ही जोडशर्यत होती, आणि दोन्ही दिशांना जिंकले ते युगोस्लाव्हियाचे सायकलपटू. 1952 मध्ये पूर्व बर्लिनचे ‘नॉयस डॉइचलांड’ हे वृत्तपत्र आयोजनात सामील झाले. पिकासोचे कबुतर चिन्ह म्हणून मिरवणारी ही ‘शांतता शर्यत’ त्यानंतर तिन्ही राजधान्यांना जोडू लागली. दर मे महिन्यात सुमारे दोन आठवडे, रोज एक टप्पा, मिळून साधारण दोन हजार किलोमीटर.

शर्यत हौशी सायकलपटूंची होती आणि संघ देशांचे असत, बहुतेक वर्षी सहा-सहा जणांचे. वैयक्तिक आघाडीवर असलेल्याच्या अंगात पिवळी जर्सी असे. पण सांघिक आघाडीवर असलेल्या देशाचे सगळेच सायकलपटू निळ्या जर्सीत दिसत. संघाची वेळ ठरे ती त्या दिवशी पुढे आलेल्या तिघांच्या वेळा मिळवून. वरवर साध्या वाटणाऱ्या या नियमाने शर्यतीचा सगळा नूरच ठरवला. एकटा अव्वल सायकलपटू दहा मिनिटे पुढे निघून गेला, तरी संघाचा तिसरा गडी मागे रखडला की कमाई वाया. उरलेल्या तिघांची वेळ मोजलीच जात नसल्याने त्यांचे पाय संघासाठी हवे तसे खर्च करता येत.

ही खर्चाची गोष्ट वाऱ्याशी निगडित आहे. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून सायकल चालवली की वाऱ्याचा आडोसा मिळतो आणि पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. समोरून वारा असेल तर एकामागे एक रांग पुरते. पोलंडच्या मोकळ्या मैदानांत वारा बाजूने येई. तेव्हा आडोसा थेट मागे न मिळता तिरका, पुढच्याच्या खांद्यामागे मिळतो. त्यासाठी तिरकी फळी धरावी लागते आणि रस्त्याची रुंदी संपली की फळीतली जागाही संपते. ज्यांना जागा मिळाली नाही ते कडेला एकेरी रांगेत वारा खात राहतात आणि थोड्याच वेळात तुटतात. एकमेकांचा वेग ओळखणारे सहा जण अशा वेळी आधीच पुढे सरकून फळी धरत आणि सव्वाशे जणांच्या घोळक्याचे तुकडे करत. कानात रेडिओ नव्हता. इशारे हाताचे आणि हाका तोंडी.

दगडी फरसबंदीवर पंक्चर नित्याचे. आघाडीच्या साथीदाराचे चाक बसले आणि संघाची गाडी मागे अडकलेली असली, तर जवळचा गडी स्वतःचे चाक काढून देई आणि रस्त्याकडेला थांबून राही. मग दोघे-तिघे वेग कमी करून त्याला पुन्हा घोळक्यात ओढून आणत. टप्प्याचा शेवट बहुधा स्टेडियममध्ये, खच्चून भरलेल्या प्रेक्षकांपुढे होई. आत जाणारा बोगदा अरुंद आणि पुढे कोळशाच्या भुकटीची धावपट्टी, त्यामुळे बोगद्यात पहिल्या चार-पाचांत शिरणे हीच निम्मी लढाई. 1956 चा विजेता, पोलंडचा स्तानिस्वाव क्रुलाक याने वॉर्साच्या बोगद्यात एका सोव्हिएत सायकलपटूला हवा भरायच्या पंपाने हाणल्याची दंतकथा पोलंडमध्ये वर्षानुवर्षे चवीने सांगितली गेली. क्रुलाकने ती नाकारली. लोकांना ती हवी होती, इतकेच.

1952 चा निकाल या शर्यतीतला सर्वांत अनपेक्षित मानता येईल. ग्लासगोचा इयन स्टील वैयक्तिक जिंकला आणि ब्रिटनने सांघिक विजेतेपदही नेले. ब्रिटनच्या जुन्या सायकल संघटनेला खुल्या रस्त्यावर एकत्र सुटणाऱ्या शर्यती मान्य नव्हत्या. त्याविरुद्ध 1942 मध्ये बंड करून उभ्या राहिलेल्या लीगचे हे सायकलपटू. सरकारी पाठबळ नाही, तरी यजमान देशांच्या तयारीच्या संघांपुढे ते टिकले.

पूर्व जर्मनीला 1955 मध्ये गुस्टाव-आडोल्फ शूरने पहिले वैयक्तिक विजेतेपद मिळवून दिले. 1959 मध्ये तो पुन्हा जिंकला. ‘टेवे’ या नावाने तो घराघरात पोचला. शर्यतीच्या वाटेवरच्या मेराने गावातला जेमतेम साडेतीनशे मीटरचा, पण सुमारे 12 टक्के उभा दगडी चढ ‘भिंत’ म्हणून गाजला आणि तिथे दोन्ही बाजूंनी माणसांची दाटी होई. शूरची खरी ओळख मात्र 1960 च्या जागतिक हौशी स्पर्धेत झाली. ती एका दिवसाची शर्यत, पण डावपेच शांतता शर्यतीत मुरलेले. सलग दोनदा जगज्जेता झालेला शूर, त्याचा साथीदार बर्नहार्ड एकश्टाइन आणि बेल्जियमचा विली व्हांडेनबर्घेन असे तिघे पुढे होते. एकश्टाइन निसटला. व्हांडेनबर्घेन शूरवर नजर ठेवून, तो पाठलाग करील या भरवशावर राहिला. शूर हललाच नाही. एकश्टाइन जिंकला, शूर दुसरा आला.

पुढे ‘हौशी’ हा शब्द नावापुरता उरला. पूर्वेकडचे खेळाडू कागदोपत्री सैनिक, विद्यार्थी किंवा कामगार असत आणि वर्षभर सायकलच चालवत. चार जणांची 100 किलोमीटरची सांघिक शर्यत 1960 पासून ऑलिम्पिकमध्ये होती. तिच्या सरावातून फळी धरण्याचे कसब पक्के झाले. सोव्हिएत संघाने त्यात 1972, 1976 आणि 1980 अशी ओळीने सुवर्णपदके घेतली. नोकरी सांभाळून येणाऱ्या पश्चिमेकडच्या पोरांशी ही बरोबरीची लढत नव्हतीच. तरी अपवाद घडत: 1969 मध्ये फ्रान्सचा जाँ-पिएर दांगियोम जिंकला. प्रागमध्ये आदल्या वर्षी रणगाडे घुसले होते आणि त्या साली चेकोस्लोव्हाकिया शर्यतीत नव्हता. पोलंडच्या रिषार्द शुर्कोव्स्कीने 1970 ते 1975 दरम्यान चार विजेतेपदे घेतली. 1986 ची शर्यत चेर्नोबिलच्या स्फोटानंतर दहा दिवसांनी, 6 मे रोजी, किएव्हमधून सुरू झाली. अनेक पाश्चात्त्य संघांनी माघार घेतली. जिंकला पूर्व जर्मनीचा ओलाफ लुडविग.

बर्लिनची भिंत पडली तसे लुडविगसारखे तयार गडी पाश्चात्त्य व्यावसायिक संघांत गेले. यथावकाश शर्यतही व्यावसायिकांना खुली झाली. पाच वेळा जिंकण्याचा विक्रम श्टेफेन वेझेमानचा, पण त्यातली बहुतेक विजेतेपदे टेलिकॉम कंपनीच्या संघातून आलेली. सहा जणांची मेहनत आता कराराने बांधलेली होती. पैशांअभावी 2005 मध्ये शर्यत झालीच नाही आणि 2006 ची शेवटची ठरली. 2013 पासून चेक प्रजासत्ताकात 23 वर्षांखालील सायकलपटूंची याच नावाची शर्यत भरते आणि तिच्यात पुन्हा देशांचे संघ उतरतात.