गंधक जळतो, मग जातो कुठे?

ऑक्सिजनने भरलेल्या वायुपात्रात पेटता गंधक सोडला, की हवेत जेमतेम दिसणारी त्याची फिकट ज्योत एकदम झगझगीत निळी होते आणि वर्ग बाकांवरून अर्धा उठतो. शिक्षक घाईघाईने ओला निळा लिटमस आत धरतात, तो लाल होतो, फळ्यावर समीकरण येतं, तास संपतो. माझ्या मते या प्रयोगातला शिकवण्याजोगा भाग ज्योत विझल्यावर सुरू होतो, आणि नेमका तोच आपण उरकून टाकतो. लाकडाची राख लाकडापेक्षा हलकी असते. त्यावरून जळणं म्हणजे वस्तूतून काहीतरी निघून जाणं, अशी समजूत होणं साहजिक आहे. अठराव्या शतकातले युरोपातले नामवंत रसायनज्ञही फ्लॉजिस्टनच्या नावाने हेच मानत होते. शुद्ध गंधकाची तर राखही उरत नाही, त्यामुळे तो गेला कुठे, हा प्रश्न टाळताच येत नाही. जळताना गंधकाचं वजन घटत नाही, उलट वाढतं, असं लाव्हाझिएने १७७२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे ठेवलेल्या मोहोरबंद टिपणात नोंदवलं होतं. हिशेब आज सोपा आहे: ३२ ग्रॅम गंधकाला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तयार झालेल्या सल्फर डायऑक्साइडचं निम्मं वजन न दिसणाऱ्या वायूतून आलेलं असतं.

हा वायू विषारी आहे, हा आक्षेप खोटा नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. ०.१ ग्रॅम गंधकापासून साधारण ७५ मिलिलिटर वायू होतो. तो सगळाच्या सगळा निसटून आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत पसरला, तरी दहा लाख भागांत अर्धा भाग भरतो. निरोगी मुलाला तो फारसा जाणवणार नाही, दम्याच्या मुलाला मात्र तेवढाही बाधू शकतो. म्हणून खिडक्या उघड्या, पात्रावर झाकण, तळाशी थोडं पाणी (हा वायू पाण्यात भराभर विरघळतो), आणि दमा असलेल्याला बाहेर थांबायची मुभा, तीही टोमणा न मारता. चमचा भरून गंधक जाळणाऱ्यांनीच या प्रयोगाचं नाव खराब केलं आहे.

मग व्हिडिओ का नको? ज्योत पडद्यावर अधिक सुरेख दिसेल, हे मान्य. पण पात्रातलं पाणी हलवून त्यात पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे थेंब टाकले की रंग उडतो, आणि ‘साध्या पाण्यात टाकले तर?’ असं एखाद्या मुलीने विचारलं तर ते तिथल्या तिथे करून बघता येतं. पडद्याला ही सोय नाही. शिवाय महाराष्ट्रात या रसायनाचा धंदा दाराशीच आहे: अनेक साखर कारखाने गंधक जाळून हाच वायू चुन्याच्या जोडीने उसाच्या रसात सोडतात, रस निवळतो आणि साखर पांढरी निघते. शिक्षकांना विनंती एवढीच, की समीकरण लिहिण्याआधी मुलांना पाच मिनिटं अंदाज बांधू द्या, आणि गंधक चिमटीने न घेता वजन करून घ्या.